नावं का देत नाही? नेरुळच्या एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सही ‘एक नेरुळकर’ अशी केली आहे, म्हणून मीही तुम्हाला नेरुळकरच म्हणतो.

छतावरच्या सोलरबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप आहेत ते असे. एक, ‘तीन कोटेशनं मागवा’ असं सांगून मी हात झटकले. सामान्य माणसाला त्या कागदातलं काय कळतं, त्यापेक्षा दोन भरवशाची नावं द्यायची. दोन, चार महिने धो धो पाऊस पडतो त्या ठिकाणी ही सगळी गणितं फसवी आहेत. तीन, ठाणे-नवी मुंबईत निम्म्याहून जास्त लोक फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्यासाठी लेखात काही नाही. शिवाय ‘नावं देत नाही म्हणजे आतून कुणाशी तरी बोलणं झालेलं असणार’ असा टोलाही आहे.

टोल्यापासून सुरू करतो. या धंद्यात गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला पैसे मिळतात, हे खरं आहे. मी घेत नाही. पण मी उद्या दोन नावं छापली, तर मी घेत नाही यावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? आणि समजा ठेवलात, तरी ती नावं तुमच्या कामाची नाहीत. कोटेशनवर एकाचं नाव असतं, गच्चीवर ड्रिल घेऊन चढणारी माणसं दुसऱ्याची असतात. हंगामात कामं वाढली की चांगला कंत्राटदारही पोटकंत्राट देतो. ज्याने घणसोलीत छान काम केलं तोच तुमच्याकडे कुठली टीम पाठवेल, हे मला इथे बसून कसं कळणार? मी शिफारस केलेला माणूस म्हणून तुम्ही कागद न वाचता सही कराल, आणि तेच मला नको आहे.

नोंदणीकृत व्हेंडरांची यादी ‘पीएम सूर्यघर’ या घरगुती सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या पोर्टलवर आहेच. अनुदान हवं असेल तर त्यातलाच घ्यावा लागतो. मात्र नोंदणी म्हणजे कामाच्या दर्जाची पावती नव्हे. त्यामुळे यादीतल्या माणसाला एकच विचारा: दोन पावसाळे काढलेली, तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशी तीन कामं दाखव. गच्चीवर स्वतः जा. नट-बोल्टांवर गंज चढलाय का बघा; आपल्याकडे खाडीची हवा आहे, साध्या लोखंडावर रंग मारून ‘जीआय’ (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) म्हणून खपवलेला सांगाडा दुसऱ्या पावसाळ्यातच बोलायला लागतो. खालच्या मजल्यावर ओल आली का, ते घरमालकाच्या बायकोला विचारा. (नवरे सहसा ‘एकदम मस्त’ म्हणतात, पैसे त्यांनी भरलेले असतात.) आणि बिघाडाचा फोन केल्यावर माणूस किती दिवसांनी आला, हे विचारा. जो व्हेंडर तीन पत्ते देऊ शकत नाही, त्याची चौकशी तिथेच संपली.

आता तुमच्या कोटेशनांबद्दल. तुम्ही लिहिलंय की एकाने ३ किलोवॉटचे १ लाख ६० हजार सांगितले, दुसऱ्याने २ लाख १५ हजार, आणि तिसरा म्हणतो ५ किलोवॉटच बसवा. ‘यातून सामान्य माणसाने काय समजायचं?’ बरंच काही समजतं.

तिसऱ्याला आधी बाजूला करू. तुमचा वापर तुम्हीच महिन्याला सरासरी ३२० युनिट दिलाय, म्हणजे वर्षाला ३,८४०. आपल्या भागात सावली नसलेल्या छतावर एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट तयार होतात. म्हणजे ३ किलोवॉटमध्ये तुमचं वर्ष भागतं. ५ किलोवॉट बसवलेत तर अडीच-तीन हजार युनिट जास्तीची होतील. ती महावितरणच्या हिशेबात ३१ मार्चपर्यंत जमा राहतात, त्यानंतर शिल्लक युनिटांचे पैसे मिळतात ते तुम्ही विकत घेता त्या दराच्या मानाने फारच कमी. अनुदानही वाढत नाही: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजारांवर थांबतं. चौथा आणि पाचवा किलोवॉट पूर्णपणे तुमच्या खिशातून. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल किंवा मुलाच्या खोलीत एसी येणार असेल तर विचार करा, एरवी त्या माणसाने तुमचं बिल वाचलेलंच नाही.

राहिले दोघे. ५५ हजारांचा फरक नफ्यातूनच येतो असं नाही, तो बहुतेक लोखंडात आणि वायरमध्ये असतो. स्वस्त कोटेशनमध्ये सांगाडा किती उंचीचा लिहिलाय? गुडघ्याएवढ्या उंचीचा असेल तर गच्चीवर कपडे, पापड, वाळवण सगळं बंद, आणि खालून झाडताही येणार नाही. सात-आठ फूट उंच हवा असेल तर लोखंड कितीतरी जास्त लागतं, आणि वारा धरण्यासाठी पायेही भक्कम लागतात. सांगाडा ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड’, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, आहे असं लेखी आहे का, जाडी दिली आहे का? नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे का? पॅनल ‘डीसीआर’, म्हणजे देशी सेलचे, आहेत का? नसतील तर अनुदान मिळणार नाही, आणि स्वस्त कोटेशनचं रहस्य बऱ्याचदा इथेच सापडतं. डीसी (पॅनलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातली वीज पडली तर वाचवणारा तडितरोधक, असे तीन वेगळे अर्थिंग आहेत की एकाच खड्ड्यात सगळं? नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा) खर्च धरलाय की ‘अॅज अॅक्चुअल’, म्हणजे जो येईल तो तुमच्यावर, असं बारीक अक्षरात आहे? पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे, ती कराराच्या कागदावर आहे का?

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाये कसे उभे करणार. रो-हाउसच्या गच्चीवर तुमच्याकडे ब्रिकबॅट कोबा (गळती थांबवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) असणारच. त्यात भोक पाडून अँकर ठोकला की वॉटरप्रूफिंग गेलं, आणि पहिल्या जुलैत बेडरूमचं छत ठिबकायला लागतं. वर काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे छोटे ठोकळे, ओतून त्यात सांगाडा बसवणारा थोडे जास्त पैसे घेईल. द्या त्याला. गळती निघाली तर दुरुस्ती कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

पैशांबाबत एक सांगतो, कारण यात लोक फसतात. अनुदान सरकारकडून थेट तुमच्या बँक खात्यात येतं, तेही नेट मीटर बसून सगळी तपासणी झाल्यावर. ‘अनुदान आम्हीच घेतो, तुम्ही उरलेले द्या’ असं म्हणत कोणी तुमच्या खात्याचे तपशील किंवा ओटीपी मागत असेल तर उठून जा. शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के, मीटर लागेपर्यंत हातात ठेवा.

नवी मुंबईतली एक खास अडचण तुम्हालाही लागू असू शकते. सिडकोची घरं दोन-तीन हातांतून फिरलेली असतात आणि वीजबिल अजून पहिल्या मालकाच्या नावावर येत असतं. वर्षानुवर्षं कुणाचं अडत नाही. सोलरचा अर्ज आणि अनुदानाचं खातं मात्र बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं. त्यामुळे व्हेंडरला फोन करण्याआधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. गच्चीवर पावसाळी पत्रा टाकलेला असेल तर तो अधिकृत आहे का तेही बघा, आणि पॅनल नुसत्या पत्र्यावर नव्हे, खालच्या लोखंडी पर्लिनवर (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर) कसली जातील याची खात्री करा.

पावसाबद्दल. जुलैत उत्पादन एप्रिलच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं, यात वादच नाही. पण मी दिलेला १,३०० ते १,४०० चा आकडा हे चार महिने धरूनच आहे, राजस्थानचा नाही. नेट मीटरिंगमध्ये हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये उरलेली युनिटं पावसाळ्यात वापरता येतात. खरी गोम हिवाळ्यात आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, पंखेही बंद, आणि जमा झालेली युनिटं वापरायला पुढे फक्त मार्च उरतो. म्हणूनच मोठी सिस्टिम घेऊ नका असा माझा धोशा असतो. ‘शून्य बिल’ हे शब्द मी लेखात कुठेही वापरलेले नाहीत, ते जाहिरातीतले आहेत. स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय वीज गेली की साधा ग्रिडवरचा इन्व्हर्टरही सुरक्षेसाठी बंद होतो, भर उन्हातसुद्धा. बॅटरीशिवाय सोलर म्हणजे भारनियमनावरचा उपाय नव्हे.

वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत असेल तर मी स्पष्ट नको सांगतो, कारण त्या टप्प्यातली वीज मुळातच स्वस्त आहे. तीनशेच्या पुढच्या युनिटाचा दर तिच्या दुपटीहून जास्त पडतो. सोलरमुळे आधी ही महाग युनिटं गळतात, म्हणून एसीवाल्या घरांना ते लवकर परवडतं.

फ्लॅटवाल्यांचं तुमचं म्हणणं मात्र मला अर्धवट वाटतं. घोडबंदर रोडवरच्या पंचवीस मजली टॉवरची गच्ची सगळ्या घरांना पुरणार नाही, कबूल. एका किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली आणि आगीच्या वेळी लागणारी मोकळी वाट सोडली की उरतं थोडंच. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं सामाईक मीटर असतं, आणि त्यासाठी सोसायटीला प्रति किलोवॉट १८ हजारांचं अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करा, सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा, आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन वाजता टाकीची सावली कुठे पडते याचे फोटो डिसेंबरात काढा, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. एका पॅनलवरची सावली एकमेकांना जोडलेल्या पॅनलांच्या अख्ख्या साखळीचं उत्पादन ओढून खाली आणते. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरमधल्या ज्या सोसायट्यांत पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत, त्यांनी तूर्त थांबावं. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू तीन वर्षांत पडणाऱ्या इमारतीवर कशाला चढवायची?

तुमची दोन्ही कोटेशनं व्हेंडरचं नाव, तुमचा ग्राहक क्रमांक आणि पत्ता खोडून मला ईमेल करा. सोबत गच्चीचा दक्षिणेकडे तोंड करून काढलेला एक फोटो. महाग कोटेशनमधले पाये पेडेस्टलचे निघाले, तर माझं मत आत्ताच सांगतो: तेच घ्या, आणि घासाघीस करायची ती सांगाड्यावर नको, वायरच्या लांबीवर करा.

– तुमचा, पाचपाखाडीहून

ता. क. कबुतरांचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पॅनलखाली घरटी होतात आणि वायरी खराब होतात. कडेने जाळी लावायचे पैसे आधीच कोटेशनमध्ये धरून घ्या, मागाहून तोच माणूस दुप्पट मागतो.