धाप लागलेल्या कुत्र्याला म्हणे पळवा!

ताईच्या कुत्रीला, राणीला, गोचीड ताप झालाय. एर्लिचियाची (गोचिडातून येणारा या तापाचा जंतू) टेस्ट पॉझिटिव्ह आली, डॉक्टरांनी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या म्हटलं. तर ताई मला विचारते, "अरे, याचा हृदयाशी काही संबंध नसतो म्हणे?" म्हणे म्हणजे कोण? तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तो 'गोचीड तापाला घाबरू नका' मेसेज.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: "कुत्रा धापा टाकत असेल तर तो अशक्तपणा, रोज पळवा, दम वाढतो." ताईने दोन दिवस पळवलंसुद्धा! दुसऱ्या दिवशी राणी अर्ध्या जिन्यात बसली ती उठेचना. हिरड्या पांढरट. अहो, या तापात तांबड्या पेशी घटतात. उरलेल्या रक्तावर अंगभर ऑक्सिजन पोचवायचा म्हणून हृदय आधीच दामटून धावत असतं. त्यात त्याच्या स्नायूला सूज आली असेल तर ठोके चुकतात. अशा जनावराला पळवलं तर ते चक्कर येऊन पडेल, कदाचित जागीच जाईल.

"हृदयाशी संबंध नाही." आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन-आय नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. 2008 साली 'जर्नल ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात एर्लिचिया झालेल्या कुत्र्यांमध्ये ही इजा होण्याचा धोका इतर आजारी कुत्र्यांपेक्षा जास्त दिसला. गोचिडांमुळेच होणाऱ्या बॅबेसिया या दुसऱ्या आजारातही हृदयाला इजा होते.

"प्लेटलेट वाढल्या की गोळ्या बंद." नाही. प्लेटलेट लवकर वर येतात, जंतू तेवढ्यात जात नाहीत. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो, तो का असतो?

मेसेजमधल्या लसणाच्या उपायाबद्दल काय बोलायचं! लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि इथे त्याच कमी पडल्यात.

"इको प्रत्येकाला लागत नाही" हे मात्र खरं, मान्य. बऱ्याच कुत्र्यांचं हृदय धडधडतं ते नुसत्या तापाने आणि रक्त कमी झाल्याने, उपचाराने ते शांतही होतं. पण कुणाला लागतो ते छातीला स्टेथोस्कोप लावणारा ठरवेल, फॉरवर्ड करणारा नाही.

कुत्रा गाढ झोपला की छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, 30 च्या आत हवं. ताईने काल रात्री मोजलं: 42. इको उद्या सकाळी आहे.