पर्शियन मांजराच्या पिल्लाविषयीचा फिरता संदेश आणि त्यातली गैरहजर आई

दिवाळीपासून आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. कृषी केंद्राच्या गटावर तो आला, शिक्षकांच्या गटावर आला आणि मागच्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नासाठी केलेल्या गटावरही कोणीतरी तो टाकला. ‘अस्सल पर्शियन पिल्लू घेण्याआधी हे वाचा’ असे त्याचे शीर्षक असून सारांश असा : पिल्लू चाळीस-पंचेचाळीस दिवसांचेच घ्यावे, कारण मोठ्या पिल्लाला माणसाचा लळा लागत नाही, नाक जितके चपटे आणि केस जितके दाट तितकी जात अस्सल, त्यातही पांढरे व निळ्या डोळ्यांचे सर्वांत उत्तम, मांजरीला कागदपत्रे लागत नाहीत, आणि कोणी मागितलीच तर केसीआयची (केनेल क्लब ऑफ इंडियाची) मिळतात, एक इंजेक्शन झाले की पिल्लू सुरक्षित, प्रत्यक्ष जाण्याची गरज नाही, आगाऊ रक्कम भरली की ट्रॅव्हल्सने पिल्लू येते, आणि एकाऐवजी जोडी घेतल्यास वर्षभरात पैसे वसूल. शेवटी ‘स्टॉक मर्यादित, आजच बुक करा’.

तीन वर्षांपूर्वी याच समजुतींवर विसंबून आम्ही एक पिल्लू घेतले होते, त्यामुळे मी तटस्थपणे लिहितो आहे असा माझा दावा नाही. परंतु मजकूर पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली : एवढ्या लांबणीत पिल्लाच्या आईचा उल्लेख एकदाही येत नाही. आमच्याकडे बैलबाजारात गेलेला माणूस दात पाहिल्याशिवाय, चार पावले चालवल्याशिवाय आणि खांद्यावर हात फिरवल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नाही. कालवड घ्यायची तर तिची आई किती दुधाची, हे आधी विचारतो. तोच माणूस मुलीच्या हट्टापायी मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून दहा-बारा हजार रुपये पाठवून देतो. जातिवंत म्हणजे ज्याचे आईबाप ठाऊक आहेत ते जनावर, हे गुरांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता वयाचा मुद्दा. पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो हे खरे आहे, आणि मजकुरातला दावा या अर्ध्या सत्यावर उभा आहे. मात्र हा काळ पिल्लाने ब्रीडरच्याच, म्हणजे पैदास करणाऱ्याच्याच घरात, आई आणि भावंडांजवळ, माणसांच्या वावरात काढायचा असतो. चावा किती जोरात घ्यावा, नख्या कधी आत ओढाव्यात, हे ते भावंडांशी झोंबत आणि आईचा फटका खात शिकते. फिनलंडमध्ये सुमारे पावणेसहा हजार मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा करून केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक, तर चौदा आठवड्यांनंतर दिलेल्या मांजरांत तो कमी आढळला. ब्रिटनमधील जीसीसीएफ ही १९१० सालची मांजरांची नोंदणी संस्था पिल्लू तेरा आठवड्यांच्या आत देऊ नये असे सांगते. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे म्हणतात. ती सात घरे तिची तिने दाखवून होईपर्यंत आठव्या घराने घाई करू नये, असे मला वाटते. पंचेचाळीस दिवसांचा आग्रह विक्रेत्याच्या सोयीचा आहे : तेथून पुढे पिल्लू खाऊ लागते, लसींचा खर्च सुरू होतो, आणि पिल्ले लवकर गेली की मांजरी लवकर पुन्हा माजावर येते.

इंजेक्शनचा मुद्दा मजकुरात पुढे येत असला तरी तो वयाशी बांधलेला असल्याने येथेच घेतो. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात टिकून असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून दवाखान्यात जिला ट्रायकॅट म्हणतात ती तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला फार तर एक मात्रा मिळालेली असू शकते. त्या वयात ‘फुल व्हॅक्सिनेटेड, रेबीजसहित’ असे सांगणारा माणूस एक तर कॅलेंडर पाहत नाही, किंवा आपण पाहणार नाही असे गृहीत धरतो.

आमच्या पिल्लाबरोबर आलेल्या कार्डावर निळा शिक्का होता आणि त्याखाली वाचता न येणारी सही. बाटलीवरचे लेबल चिकटवलेले नव्हते, तारीख नव्हती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. चौथ्या दिवशी त्याने खाणे सोडले. पाण्याच्या वाटीवर मान टाकून ते बसून राही. हनुवटीचे केस पाण्यात भिजत, पण जीभ बाहेर येत नसे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाइन लावले, मात्र त्यांचा दिवस बैल, शेळ्या आणि म्हशींचा, आणि मांजरीची लस किंवा तपासणीचे किट तेथे ठेवलेले नसते. नागपूरला नेईपर्यंत पिल्लू गेले. तो पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार होता, ज्याला लोक मांजरीचा पार्वो म्हणतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते दहा दिवस जातात, त्यामुळे ज्याने आम्हाला ‘तुमच्याच घरी काहीतरी झाले’ असे ऐकवले त्याच्याकडूनच किंवा वाटेतच पिल्लाने तो आणला असण्याची शक्यता अधिक. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही; त्याला ब्लीचचे पाणी लागते. आम्ही घर तीनदा पुसले आणि दुसरे पिल्लू आणण्याआधी सव्वा वर्ष थांबलो.

नाक आणि केस. बाजारात चेहऱ्याच्या चपटेपणावरून ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ आणि ‘एक्स्ट्रीम पंच’ अशा पायऱ्या लावून प्रत्येक पायरीला भाव चढवला जातो. चेहऱ्याचा चपटेपणा हा जातीच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे; तो निवडीने वाढवलेला गुण आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरले त्या काळातल्या पर्शियन मांजरांची नाके आजच्या मानाने बरीच लांब होती, आणि म्हणून ती कमअस्सल होती असे कोणी म्हणत नाही. चेहरा फार चपटा झाला की नाकपुड्या अरुंद होतात, अश्रूंची नळी वाकते आणि डोळे सतत गळतात, दात वेडेवाकडे येतात. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चंद्रपूर, अकोला, वर्धा येथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि नेमकी त्याच वेळी लाइट जाते. मांजर कुत्र्यासारखे सहज धापा टाकत नाही. ते तोंड उघडून श्वास घेऊ लागले तर वेळ हातची जात चालली आहे असे समजावे. चपट्या नाकाच्या मांजरीला ही वेळ लवकर येते.

दाट केसांसाठी विक्रेते वापरतात तो ‘ट्रिपल कोट’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, एवढेच. लांब राठ केस, मधले केस आणि तळाची मऊ लव असे तिन्ही प्रकार आपल्या गोठ्यातल्या साध्या मांजरीलाही असतात. निळ्या डोळ्यांचे तर आणखी गमतीचे आहे : जवळजवळ प्रत्येक पिल्लाचे डोळे सुरुवातीला निळसरच असतात आणि खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसू लागतो, म्हणजे चाळिसाव्या दिवशी त्या रंगाचे पैसे मोजणे म्हणजे हिरव्या बोंडावरून कापसाची प्रत ठरवणे. आणि पूर्ण पांढऱ्या मांजरीचे दोन्ही डोळे मोठेपणीही निळे राहिले, तर ती बहिरी असण्याची शक्यता अर्ध्याहून अधिक असते. जबाबदार ब्रीडर ही गोष्ट स्वतःहून सांगतो.

पर्शियनमध्ये जे पाहायला हवे ते डोळ्यांना दिसत नाही. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याला पीकेडी म्हणतात. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी तो होतो, म्हणजे बाधित पालकाच्या सरासरी निम्म्या पिल्लांना त्याचा धोका, आणि लक्षणे बहुधा मधल्या वयात, मांजर सहा-सात वर्षांचे झाल्यावर दिसतात. गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर त्याची डीएनए चाचणी होते. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘पंच आहे का’ हा नसून ‘आईबापाची पीकेडी चाचणी झाली आहे का, अहवाल दाखवा’ हा असावा. मेन कून घ्यायचे असेल तर हृदयाच्या स्नायूंच्या आजाराविषयी विचारावे, ज्याचे एक जनुकीय कारण त्या जातीत २००५ साली सापडले. स्कॉटिश फोल्ड मात्र घेऊच नये असे माझे मत आहे, कारण तिचे कान ज्या दोषामुळे दुमडतात तोच तिचे सांधेही बिघडवतो.

कागदपत्रांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. केसीआय ही कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था आहे. मांजरीला केसीआयचा कागद देऊ करणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. मांजरांच्या वंशावळी सीएफए (स्थापना १९०६), टिका (१९७९), वर्ल्ड कॅट फेडरेशन (१९८८) यांसारख्या संस्थांकडे नोंदल्या जातात. अशा कागदावर आईबापांच्या मागच्या पिढ्यांची नावे आणि नोंदणी क्रमांक असतात, आणि पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांक कागदाशी जुळवून पाहता येतो. कागद नसलेले मांजर वाईट असते असे नव्हे. त्याला जातिवंत म्हणून जातिवंताचा भाव लावणे वाईट. कायद्याचे म्हणाल, तर २०१७ सालचे ब्रीडिंगचे नियम कुत्र्यांपुरते आहेत, पण प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या २०१८ सालच्या पेट शॉप नियमांत मांजरीही येतात, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे मी दोनदा ऐकले आहे.

ट्रॅव्हल्सचा मुद्दा सर्वांत पटणारा वाटतो, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीहून नागपूर गाठायला चार तास लागतात आणि पुणे तर रात्रभराचे. पण त्या प्रवासात पिल्लू कोठे ठेवतात ते एकदा पाहावे. आमचे पिल्लू भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, वरून दुसरा क्रेट सुतळीने बांधून, गाडीच्या डिकीत आले होते. पहाटे उड्डाणपुलाखाली क्लीनरने ते सामानातून काढून दिले तेव्हा कोपऱ्यातला दूधभात आंबलेला होता. याउलट दुसऱ्या वेळी आम्ही नागपुरातल्या एका ब्रीडर बाईंच्या घरी गेलो. बाईंनी चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या, साबणाने हात धुवायला लावले, आणि पिल्ले दाखवण्याआधी त्यांची आई दाखवली. ती खिडकीत पसरली होती, अंगाने भरलेली, डोळे कोरडे, आणि अनोळखी हात लागूनही उठली नाही. खोलीत मुताचा उग्र वास नव्हता. मग प्रश्न आम्हालाच सुरू झाले : खिडक्यांना जाळी आहे का, घराजवळ फवारणीची औषधे कोठे ठेवता, उंदरांचे विष टाकता का, नसबंदी कोणाकडून करणार, आणि जमले नाही तर पिल्लू दुसऱ्याला न देता मलाच परत द्याल का. हे शेवटचे त्यांनी कागदावर लिहून घेतले. विकणाऱ्यानेच घेणाऱ्याची परीक्षा घ्यावी हे मला आधी चमत्कारिक वाटले होते.

राहिली जोडी. मजकुरातली ‘जोडी’ बहुतेक वेळा एकाच वेताची, म्हणजे सख्खी भावंडे असते. आमच्याकडे चार शेळ्या बाळगणारी म्हातारीसुद्धा बोकड घरचा ठेवत नाही, दोन वर्षांनी बदलते. तिला हे समजते आणि मोबाइलवरच्या जोडधंद्याच्या जाहिरातीला समजत नाही. मांजरीचे गाभणपण ६३ ते ६५ दिवसांचे, त्यापुढे तीन महिने पिल्लांचे खाणे, प्रत्येकाच्या लसी, आईबापाच्या चाचण्या, आणि अडलेली मांजरी रात्री अकराला नागपूरला नेण्याचा गाडीखर्च. हे सर्व नीट केले तर पहिल्या वर्षात पैसे सुटत नाहीत, आणि सुटले तर काहीतरी गाळलेले असते. इमू पक्षी पाळण्याच्या बुडालेल्या जोडधंद्याच्या वेळी शेड बांधून बसलेल्यांना हा हिशेब पुन्हा समजावून सांगण्याची गरज नसावी.

‘आजच बुक करा’ या ओळीचे उत्तर मला त्या बाईंकडूनच मिळाले. आम्ही गेलो तो मे महिन्याचा दुसरा आठवडा होता, आणि पिल्लू अकरा आठवड्यांचे होते. मी पैसे पुढे केले. त्यांनी आगाऊ रक्कम म्हणून पाचशे रुपये घेतले, पावती दिली, आणि म्हणाल्या, “एवढ्या उन्हात नाही देत मी. त्याची शेवटची लस होऊ द्या, मृगाचा एखादा पाऊस पडू द्या, मग या.”