डब्याची कडी आणि दाजींचा सल्ला

डब्यावरची कडी मी ओढली, ती निमूटपणे माझ्या बोटात आली आणि झाकण मात्र जागचे हलले नाही. एवढ्याने माझे काही बिघडले नसते; पण त्याच क्षणी दाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. ताई बाहेरगावी गेलेली, दाजी जेवायला आमच्याकडे, फ्रिजमध्ये आदल्या रात्रीचा भात आणि फळीवर मांसाचा डबा, अशा परिस्थितीत झटपट फ्राइड राइस करून मोकळे व्हावे, एवढाच माझा माफक बेत होता.

"तुटली वाटतं," दाजी म्हणाले.

दाजी कधीही खोटे बोलत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करून ठेवतो. जे समोर दिसत असते, तेच ते मोठ्याने सांगतात. स्वयंपाकघरात पाऊल न टाकता, उंबऱ्यावरच चौकटीला खांदा टेकवून, हाताची घडी घालून स्वयंपाक करण्याची कला त्यांना साधलेली आहे. बहिणीचे यजमान असल्यामुळे त्यांना "तुम्ही बाहेर बसा" असे सांगण्याची सोय नाही, आणि ही गोष्ट त्यांना पुरेपूर ठाऊक आहे.

"उलटा करून बघ. खालून उघडेल."

डबा उलटा केला. हल्लीच्या अनेक डब्यांचा तळ आणि बाजू एकाच पत्र्यातून दाबून काढलेल्या असतात, त्यामुळे खालच्या बाजूला ओपनरचे चाक धरेल अशी कडच नसते. माझ्या डब्याचा तळ तसाच होता, गुळगुळीत, गोलसर कडांचा. हे मी दाजींना दाखवले. "मग पूर्वीचे डबे चांगले होते," असा निकाल त्यांनी दिला.

पूर्वीचे डबे कसे होते, हे खरे तर दाजींना ऐकवायला हवे होते. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बरण्यांत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची युक्ती शोधली आणि ती जाहीर केल्याबद्दल 1810 मध्ये फ्रेंच सरकारकडून 12,000 फ्रँक मिळवले. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. डबे बाजारात आले, आरमाराच्या जहाजांवर चढले. पण ते उघडायचे कशाने, याचा विचार करण्याची निकड बराच काळ कोणाला भासली नाही. सुरुवातीचे डबे जाड पत्र्याचे असत आणि ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने डबा उघडण्याच्या हत्याराचे पेटंट घेतले, तेव्हा 1858 साल उजाडले होते, आणि कडेवरून फिरणारे चाक त्यानंतर 1870 मध्ये आले. इतक्या दशकांच्या प्रगतीनंतर मानवजातीने मला एक कडी दिली, आणि तीही तुटणारी. या कडीला काही हमी नाही, तक्रार करायची तर ती कोणाकडे हे डब्यावर सापडत नाही, आणि "येथे ओढा" असा बाण मात्र ठळक छापलेला असतो.

शेवटी चाकाचा ओपनर वरच्याच कडेला लावला. डबा चौकोनी, त्यामुळे सरळ बाजूवर चाक मजेत फिरे आणि प्रत्येक कोपऱ्यावर अडून बसे. कोपरा आला की दाजी "हळू" म्हणत आणि कोपरा संपला की "आता जोर लाव" म्हणत. झाकण निघाले तरी मांस निघेना, कारण आतला लगदा पत्र्याला हवाबंद चिकटलेला असतो. सुरी कडेकडेने आत सरकवून थोडी हवा जाऊ दिली, तेव्हा 'पचक्' असा आवाज करून तो गुलाबी ठोकळा ताटलीत उतरला. त्याच्या अंगावर जेलीचा थर होता आणि डब्याच्या तळावरच्या वळ्या त्याच्या पाठीवर स्पष्ट उमटलेल्या होत्या.

दाजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "हा प्राणी जिवंत असताना याच आकाराचा असेल का रे?"

मी उत्तर दिले नाही.

"आणि हे कच्चं आहे?"

डब्यातले मांस कच्चे नसते. डबा बंद केल्यानंतर तो वाफेच्या दाबाखाली साधारण 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, म्हणजे आतले मांस शिजते आणि चिवट जीवाणूंचे बीजाणूही मरतात. म्हणूनच कढईत त्याला शिजवायचे नसते, फक्त बाहेरून तांबूस करायचे असते. हे मी सांगितले. दाजींनी मान हलवली आणि सांगितले, "म्हणजे नीट शिजव हं."

मांसाचे बोराएवढे चौकोनी तुकडे करून ते कोरड्या, तापलेल्या कढईत टाकले. तेल घालावे लागत नाही, कारण तुकड्यांची स्वतःची चरबी सुटते आणि त्यातच ते परततात. खरी कसोटी तुकड्यांना न छेडण्याची आहे. एक बाजू कढईला टेकून तांबूस आणि कुरकुरीत होईपर्यंत उलथणे खाली ठेवून स्वस्थ उभे राहावे लागते. "हलव ना, करपेल," असे दारातून ऐकू येत असताना स्वस्थ उभे राहणे किती कठीण आहे, हे ज्याच्या दारात दाजी नाहीत त्याला कळणार नाही.

तुकडे तयार झाल्यावर ताटलीत काढले आणि ती ताटली ओट्याच्या दाराकडच्या टोकाला ठेवली. दुसरीकडे जागा नव्हती.

यानंतर दाजींनी भाताचा विषय काढला. "शिळा भात आहे हा?" शिळा नव्हे, थंड. शिजलेला भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाण्यावरचा ओलावा उतरतो, म्हणून थंड भाताचे दाणे कढईत सुटे राहतात. ताजा वाफाळता भात टाकला तर त्याचा गिचका होतो. अट एवढीच, की भात शिजल्यावर तासन्‌तास बाहेर न ठेवता लवकर फ्रिजमध्ये गेलेला असावा. बॅसिलस सेरेअस नावाच्या जीवाणूचे बीजाणू भात शिजवल्याने मरत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी विष तयार केले, तर ते नंतर परतून जात नाही. एवढे सगळे मी गुठळ्या ओल्या बोटांनी मोडत मोडत सांगत होतो. दाजी ऐकत होते आणि ऐकता ऐकता ताटलीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकत होते.

"मीठ बघतोय," ते म्हणाले.

मीठ पाहण्यासाठी एक तुकडा पुरावा, असे माझे मत आहे. दाजी मात्र पूर्ण खात्री झाल्याशिवाय मत देत नाहीत. मी लसूण परतला, तोवर त्यांनी बाजूचे तुकडे पाहिले. अंडी फोडून कढईत ढवळली, तोवर मधले पाहिले. "असल्या डब्यातलं मांस म्हणजे काही खरं खाणं नव्हे," हेही त्यांनी याच सुमारास, चावत चावत सांगितले. स्पॅम नावाचे हे डबाबंद मांस 1937 मध्ये अमेरिकेत निघाले, दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांबरोबर पॅसिफिकमध्ये पोहोचले, आणि युद्ध संपल्यावरही हवाई, ग्वाम, फिलिपिन्स इथल्या लोकांनी ते आवडीने ठेवून घेतले. दक्षिण कोरियात तर त्याचे डबे भेट म्हणून देतात. इतक्या लोकांचे खाणे खरे आणि दारातला अभिप्रायही खरा, हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. पण गॅस मोठा होता आणि भात टाकायची वेळ झाली होती.

"हॉटेलात ज्वाळा कढईच्या वर येते. तुझी येत नाही."

हॉटेलातल्या शेगडीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. घरी त्यावर उपाय एकच: कढई चांगली तापू द्यायची आणि भात एकदम न ओतता थोडा थोडा परतायचा. मी तसेच केले. भात उडू लागला, तेव्हा सोया सॉस दाण्यांवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडला, म्हणजे तो चरचरून त्याचा वास भाताला लागतो. पातीचा कांदा टाकला. मीठ घातले नाही, चिमूटभरही नाही, कारण डब्यातले मांस आणि सोया सॉस दोघेही मूळचेच खारट. मग तुकडे घालण्यासाठी ताटलीकडे हात केला. ताटलीत तेलाचे डाग होते आणि कडेला करपलेला एक कोपरा होता. तो बहुधा दाजींना आवडला नसावा.

जेवताना दाजींनी दोनदा वाढून घेतले आणि दोन्ही वेळा "यात मांस कमी वाटतं" असे म्हणाले. कढई मी घासली, कापलेल्या पत्र्याच्या धारेने बोट माझे कापले, आणि डब्याची तुटलेली कडी "आठवण म्हणून" खिशात घालून दाजी घरी गेले.

रात्री ताईचा फोन आला. ती कौतुकाने भरून आली होती.

"अरे, ह्यांनी आज फ्राइड राइस केला म्हणे! तूही मदत केलीस, सांगत होते. डबा उघडत नव्हता तर ह्यांनीच युक्ती सांगितली ना?"

मी म्हटले, "ताई, अगं..."

"नाही, नाही, छानच झाला होता म्हणाले. फक्त पुढच्या वेळी मीठ तू घालू नकोस, त्यांना घालू दे."