आवाज फुटला म्हणून

नमस्कार,

संगीत नाटकातल्या नटांचा आवाज घडवणाऱ्या माझ्या गुरू, बाईंवरचा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत, की ज्यांनी आयुष्यात एकाही संगीत नाटकात भूमिका केली नाही त्यांची 'कारकीर्द' कसली? आणि कॉलर माइक आल्यावर आवाज घडवण्याची गरज कुणाला उरली आहे?

आधी माइकचं. माइकने आवाज मोठा होतो तसा घोगरेपणाही मोठा होतो. शनिवार-रविवारात लागोपाठ तीन प्रयोग केलेल्या कुठल्याही नटाला विचारा. गळा आवळून बोललं की स्वरतंतू सुजतात आणि तिसऱ्या प्रयोगाला वरचा सा लागत नाही. म्हणून बाई पदाला, म्हणजे नाटकातल्या गाण्याला, हात लावण्याआधी उताणं झोपवून पोटावर वही ठेवायच्या. वही हलली पाहिजे, खांदे नाही. मग पद चालीशिवाय नुसतं बोलायचं. मग पदाआधीचं शेवटचं वाक्य. ते षड्जाजवळ, म्हणजे गाण्याच्या मूळ 'सा'जवळ, आणून सोडलं, की पात्र बोलता बोलता गायला लागतं. नाहीतर नट थांबतो आणि गवई सुरू होतो. त्या एका वाक्यावर आम्ही अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

आता भूमिकेचं. गायक भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गायचे. आवाज फुटला आणि ते मागे पडले. पुढे त्याच बुवांनी बालगंधर्वांना गाणं शिकवलं, १९१६च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. गिरगावात १९२५ साली स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढणाऱ्या प्रा. देवधरांनी आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला, त्यांच्या हाताखाली कुमार गंधर्व शिकले. ही कारकीर्द नाही म्हणायची का?

माझाही आवाज चौदाव्या वर्षी फुटला. बालनाट्याच्या दिग्दर्शकांनी सरळ सांगितलं, उद्यापासून तालमीला येऊ नकोस. (ते वाक्य अजून कानात आहे.) बाईंनी मात्र पेटी पुढे ओढली आणि एकेक पट्टी उतरवत, माझा गळा जिथे ताण न घेता लागला तिथे थांबल्या. आठ महिने त्या चार-पाच सुरांपलीकडे जाऊ दिलं नाही. मी घरी येऊन रडायचो. आज पेटीच्या काळी एक पट्टीत मोकळा गातो, तो त्या आठ महिन्यांमुळे.

बाई अजून गिरगावात दर मंगळवारी शिकवतात. सध्या एक तेरा वर्षांचा मुलगा येतो, आवाज नुकताच फुटलाय, मान वर करत नाही. एकदा या, मागे सतरंजीवर बसा आणि त्या त्याच्याशी कशा बोलतात ते ऐका.