आमचा ऑलिव्ह, त्यांचा शेवाळी

माझ्याकडे मॅचबॉक्स या खेळण्यांच्या मालिकेतल्या ४९ क्रमांकाच्या पाच चिमुकल्या लष्करी गाड्या आहेत आणि त्या पाचही वेगवेगळ्या आहेत, हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे पाहुण्यांसमोर गांभीर्याने उच्चारतो आणि पाहुणे तितक्याच गांभीर्याने चहाच्या कपात पाहतात.

ही गाडी पुढून ट्रक आणि मागून रणगाडा आहे. म्हणजे पुढे चाके, मागे पट्टे. मॅचबॉक्सची खेळणी बनवणाऱ्या लेस्नी या इंग्लिश कंपनीने ती १९५८ मध्ये काढली. सुरुवातीला चाके आणि पट्ट्यांमधले रोलर धातूचे होते, पुढे ते करड्या प्लॅस्टिकचे झाले, मग काळ्या. पट्टा कधी हिरवा, कधी करडा. रंग मात्र कागदोपत्री एकच, ऑलिव्ह ग्रीन. कागदोपत्री म्हणतो, कारण माझ्या पाचांपैकी कोणत्याही दोन गाड्यांचा हिरवा शेजारी शेजारी ठेवल्यावर जुळत नाही. पोरांच्या खिशात गोट्यांबरोबर फिरणाऱ्या खेळण्याचा रंग या खेपेला किंचित पिवळसर आला, याची त्या कारखान्यात कोणी फिकीर केली नसावी. ती माझ्यासाठी राखून ठेवली होती.

सहावी गाडी मला चोरबाजारात दिसली. शुक्रवारची सकाळ, चिंचोळे दुकान, छताला एकच पिवळा बल्ब, आणि त्याखाली काळ्या रोलरची, करड्या पट्ट्याची, माझ्या पाचांपेक्षा स्पष्ट फिकी अशी ती उभी होती. दुकानदाराने माझा श्वास अडकलेला पाहिला आणि ‘ऐसा कलर अब आता ही नहीं’ असे म्हणून एवढी किंमत सांगितली, की तेवढ्यात घरी मिक्सर आला असता. मिक्सर खरोखरच बिघडलेला होता, ही गोष्ट मी त्या क्षणी मनातून दूर सारली.

घरी येऊन सहाही गाड्या आधी ट्यूबलाइटखाली, मग बाल्कनीत उन्हात, मग सावलीत मांडून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी फरक निराळा दिसत होता, पण होता. सौभाग्यवतींना बोलावले. माझी समजूत अशी होती, की रंगातले बारकावे मी तिला शिकवणार आहे. जी बाई मेंदी, शेवाळी आणि बाटली हिरवा यांच्यामधल्या चार छटा नावानिशी ओळखते आणि अस्तराचा तुकडा उजेडात धरून पाहण्यासाठी दुकानदाराला पायरीपर्यंत बाहेर आणते, तिला मी शिकवणार होतो.

तिने गाडी हातात घेतली, तिरपी धरली आणि म्हणाली, “अहो, हा वेगळा हिरवा नाही. हा विटलेला हिरवा आहे. शोकेसमध्ये उन्हात पडून होती ही.”

मी हसलो. कारखान्यातला रंग आणि उडालेला रंग यांतला भेद मला कळतो, असे सांगितले.

“साडीचा खरा रंग घडीच्या आत बघायचा असतो,” असे म्हणत तिने नखाने मागचा पट्टा अलगद उचलला. ज्या जागी ऊन कधी पोचले नव्हते, त्या जागी माझ्या तिसऱ्या गाडीचा हिरवा, ताजा आणि तंतोतंत, हसत बसला होता. त्याच क्षणी इतक्या वर्षांचे ते वाळलेले रबर कट् आवाज करून तुटले. दोघेही गप्प झालो. ती तुटलेल्या पट्ट्यामुळे, मी किमतीमुळे.

वहीत सहाव्या गाडीपुढे मी ‘पट्टा नाही, रंग उडालेला’ असे लिहिले आणि पेटीतल्या शेवटच्या कप्प्यात तिला तोंड भिंतीकडे करून ठेवले.

पंधरा दिवसांनी कप्पा रिकामा दिसला. मी सोफ्याखाली शोधले, कपाटामागे टॉर्च मारला, मोलकरणीला विचारून तिचा राग ओढवून घेतला. संध्याकाळी सौभाग्यवती दादरहून परतल्या, तेव्हा पर्समधून रुमालात गुंडाळलेली गाडी निघाली आणि पाठोपाठ ब्लाउजपीस.

“तीन वर्षं त्या कांजीवरमला मॅचिंग मिळत नव्हतं,” ती म्हणाली. “तुमची गाडी काउंटरवर ठेवली आणि नुसतं म्हटलं, असा द्या.”

दुकानदार म्हणे गाडी घेऊन उन्हात बाहेर आला होता. हा रंग आता येत नाही, असेच तोही आधी म्हणाला.