साडेतीनशे रुपयांचं रताळं

अॅडेनियमची कुंडी घेऊन घरात शिरलो तेव्हा आज्जीने कुंडीकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा बघितलं. "रताळं कुंडीत कशाला रे लावलंस?"

साडेतीनशे मोजले होते हे मी गिळलं. बेळगाव तालुक्यातून रताळी ट्रक भरभरून बाहेर जातात. इथं रताळं विकत आणणाऱ्याची वरात काढतील. मग तिला समजावलं, की ते सुजलेलं खोड आहे, त्यात झाड पाणी साठवतं. मूळचं आफ्रिका-अरबस्तानचं. तिकडे शिकारी याचा विषारी चीक बाणांना लावायचे. आज्जीने गुलाबी फूल निरखलं. "कण्हेरी की ही!"

वाईट म्हणजे म्हातारीचं बरोबर होतं. दोघींचं कूळ एकच. कण्हेर आमच्या परसात फुकट फुलते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "नीर हाकब्याड्री. पाणी नको बगा जास्त." पण आमच्या घरात झाडाला पाणी घालणं हे पुण्य, आणि पुण्यात वाटेकरी फार. सकाळी मी 'अगदी घोटभर' घालायचो. तुळशीचं उरलेलं आई घालायची. तांदूळ धुतलेलं पाणी काकूचं. त्यात चुलतभावाने मोठ्या प्रेमाने येळ्ळूरची काळी माती आणून कुंडीत भरली. "बासमती येतीया ह्या मातीत!" येणारच की, भाताला चिखलच लागतो.

मग मृग लागला. बेळगावचा पाऊस एकदा बसला की गणपतीपर्यंत उठत नाही. कुंडी पत्र्याखाली घेतली, तरी पानं पिवळी पडून गळाली. पानं गळाली म्हणून आईने पाणी वाढवलं.

ऑगस्टात एका सकाळी खोडाला सहज बोट लावलं, तर बेळगावच्या खव्याच्या मिठाईत, कुंद्यात, शिरावं तसं अलगद आत गेलं. वासावरून मात्र कुंदा वाटत नव्हता. हाताला चीक नको म्हणून दोन्ही पंजांत दुधाच्या पिशव्या चढवल्या आणि जुन्या सुरीने कुजकं कापत सुटलो. पांढरा, घट्ट गाभा लागेपर्यंत कापलं. मुठीएवढा गड्डा राहिला. जखमेला हळद फासली, आणि वाळायला वारा हवा म्हणून सुतळीने दाराच्या चौकटीला टांगला.

दुसऱ्या दिवशी त्याला कुंकू लागलेलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी आत येता येता थबकल्या, हात जोडून म्हणाल्या, "कोहळा बारका मिळाला काय?"

तीन आठवडे झाले. ना माती, ना पाणी, आणि काल बघतो तर गड्ड्याच्या शेंड्याला दोन हिरवी पानं. मी कुंडी, वाळू, विटांचा चुरा घेऊन स्टुलावर चढलो. आज्जी खाली काठी धरून उभी.

"खबरदार हात लावशील तर. अमावास्या होऊ दे."