पेन्सिलीने लिहिलेली नावं

परवा एका मुंजीच्या पंगतीत वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींतलेच एक काका म्हणाले, "तुमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत आता उरलंय काय? सगळी बाहेरची पोरं. पार वाटोळं झालं." भर पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसले, पण ते बोलणं मनातून जाईना. म्हणून लिहितेय.

तीस वर्षं मी वडोदऱ्यात म्युनिसिपालिटीच्या शाळांमध्ये शिकवलं. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन सकाळी तिसरीच्या मुलांचं वाचन घ्यायला जाते. देवदिवाळी झाली की आमचा वर्ग फुगतो. दाहोद, छोटाउदेपूर, झाबुआ, अलीराजपूरकडची आदिवासी कुटुंबं कामाला येतात. शहराच्या कडेला भायली-सेवासीला टॉवर उभे राहतात ते त्यांच्याच हातांनी. आईबाप कडियाकामावर, म्हणजे गवंडीकामावर, जातात, पोरं आमच्याकडे येतात. घरी भिली नाहीतर राठवी या आदिवासी बोली, साइटवर हिंदी आणि वर्गात फळ्यावर गुजराती.

काकांचं एक खरं आहे, ओढाताण होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. जुलैत ३१ मुलं असलेला आमचा वर्ग या डिसेंबरात ४६ वर गेला. बेन, म्हणजे बाई, एकच. पंधरा मुलांना अजून अक्षरओळख नाही, बाकीची धडा वाचून खिडकीबाहेर बघत बसलेली. दोघांचंही नुकसान होतं, आणि ते मला दिसतं.

पण हे पोरांमुळे होत नाही, मोजणीमुळे होतं. शिक्षकांचं महेकम, म्हणजे मंजूर जागा, पावसाळ्यातल्या पटावर ठरतं. यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीला, वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरचा पट धरत आले, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं अनुदान पटाच्या टप्प्यांवर मिळतं. आता सप्टेंबरात ही पोरं कुठे असतात? गावाकडे, मक्याच्या शेतात. तिथल्या शाळेच्या पटावर त्यांचं नाव असतं, पैसेही तिथेच जातात. दिवाळीनंतर तिथले बाक रिकामे आणि इथे सतरंजीवर दाटी. मूल बसतं एका शाळेत आणि पैसा बसतो दुसऱ्या शाळेत.

आमच्या बेन हजेरीपटात या मुलांची नावं अगदी खाली, पेन्सिलीने लिहितात. होळीला गावाकडे कवांटच्या मेळ्याला गेलेली परत येतील की नाही, सांगता येत नाही. बेनचा त्यात दोष नाही. पण ती पुसट नावं बघितली की माझ्या पोटात तुटतं.

त्यातली एक मुलगी नऊ वर्षांची. पहिल्या दिवशी कडेवर धाकटा भाऊ घेऊन आली, त्याला मांडीवर झोपवलं आणि पेन्सिल मुठीत धरून बसली, कालथा धरावा तशी. अक्षर एक येत नव्हतं. मी सहज विचारलं, विटांच्या आठ ओळी, दर ओळीत बारा, एकूण किती? तिने डोळे मिटले, हवेतच हाताने थर लावले आणि म्हणाली, शहाण्णव. तिसरीतल्या कुणालाच तोवर उत्तर आलं नव्हतं. रोज साइटवर विटांचे चट्टे मोजणारी पोर ती. तिला बिनडोक कोण म्हणेल? तिला हवी आहे रोज तासभर वेगळी शिकवणारी एक बेन. कायद्यातही तेच लिहिलंय: वयाप्रमाणे वर्गात बसवा आणि खास प्रशिक्षण द्या. दाखल्यासाठी अडवू नका, हेही लिहिलंय.

माझ्या बहिणीची नात कॅलिफोर्नियात शाळेत गेली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. शाळेने वेगळ्या बाई दिल्या, सहा महिन्यांत ती बोलायला लागली. आपण सगळ्यांनी किती कौतुक केलं! तिथे सरकारी शाळेला पैसे रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात, आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलामागे जादा रक्कम मिळते. वडोदऱ्यातल्या प्रत्येक मराठी घरातलं कुणी ना कुणी परदेशात आहे. तिथे आपली नातवंडं 'बाहेरची पोरं'च आहेत.

आणि मुळात आपण तरी इथले कधी? गायकवाडांबरोबर आलो, दांडिया बाजार, रावपुऱ्यात रुजलो. १८७५ मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांच्या गोपाळला इथे आणलं, तेव्हा त्यालाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी शिक्षक नेमले, वेळ दिला. त्याच मुलाने सयाजीराव झाल्यावर १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात नेलं. सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं. त्या राजाच्या गावात बसून आपण भिल्लाच्या पोराला बाहेरचं म्हणतो, हे मला सहन होत नाही.

पैसा नाही असंही नाही. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, त्याची तरतूद १९९६ च्या कायद्याने झाली. तो मजुरांच्या कल्याणासाठी, त्यात मुलांचं शिक्षणही येतं. पण त्याचा लाभ मिळायला मजुराची नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. जो ठेकेदार बदलत फिरतो, त्याला तो कागद कोण देणार? त्या उपकरातला वाटा मूल बसतं त्या शाळेला थेट द्या, एवढं तर होऊ शकतं.

आणखी एक, आपली मुलं इंग्रजी माध्यमात गेली तेव्हा या शाळा रिकाम्या पडायला लागल्या. माझ्या जुन्या शाळेचा मराठी वर्ग बंद झाला तेव्हा पटावर चारच मुलं होती. या शाळांना कुलूप लागलं नाही ते याच पोरांमुळे.

मी अर्ज लिहिलाय, दोनच मागण्या. एक, जानेवारीत पुन्हा पट मोजा आणि त्याप्रमाणे चार महिन्यांसाठी तात्पुरत्या बेन द्या, शक्यतो भिली किंवा राठवी येणाऱ्या. दोन, उपकराचा वाटा शाळेला द्या. आतापर्यंत ३८ सह्या झाल्या, बहुतेक जुन्या सहकाऱ्यांच्या. पंगतीतल्या त्या काकांकडे उद्या संध्याकाळी कागद घेऊन जाणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली लिहा, मी घरी येईन.